काचेच्या छिद्रांतला हेलियम आणि न जुळणारी दोन मापं: एक प्रकरण अभ्यास

या लेखातली सालं, साहित्य आणि आकडे खरे आहेत. प्रयोग करणाऱ्या गटांची नावं मात्र मुद्दाम घेतलेली नाहीत, कारण मला त्यांच्या श्रेयापेक्षा त्यांच्यापुढच्या निर्णयांबद्दल लिहायचं आहे. जुनी, सर्वपरिचित नावं तेवढी येतील.

पार्श्वभूमी

हेलियम ४.२ केल्व्हिनला, म्हणजे सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअसला, द्रव होतो. आणखी थंड करत २.१७ केल्व्हिनच्या खाली नेला की तो सुपरफ्लुइड होतो, म्हणजे अरुंद फटीतूनही विनाघर्षण वाहतो. १९३८ साली मॉस्कोत कापित्सा यांनी दोन चकत्यांमधल्या अर्ध्या मायक्रॉनच्या फटीतून तो वाहताना पाहिला. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये ॲलन आणि माइसनर यांनाही तेच दिसलं. या २.१७ केल्व्हिनला लॅम्डा बिंदू म्हणतात.

असं का होतं याचं उत्तर रशियन सिद्धांतकार लांडाऊ यांनी शोधलं ते अणूंच्या एकेकट्या हालचालीत नव्हे, सामूहिक हालचालीत. दाटीच्या दिंडीत एकाला धक्का लागला की पुढेमागे सगळी रांग हलते, तसं या द्रवात एका अणूला दिलेली ऊर्जा लगेच अनेकांची होते. लांब लहरीच्या हालचाली म्हणजे ध्वनीच्याच लहरी. त्यांना फोनॉन म्हणतात आणि त्या सेकंदाला सुमारे २३८ मीटर वेगाने जातात. लहर आखूड होत गेली की ऊर्जा वाढते, एका टोकाला पोचते, पुन्हा उतरते आणि एका खोलगट जागी येऊन परत चढते. त्या खोलगटातल्या हालचालीला रोटॉन म्हणतात. रोटॉनची ऊर्जा ०.७४२ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, तापमानाच्या भाषेत ८.६ केल्व्हिन. तरंगसंख्या, म्हणजे लहर किती आखूड आहे याचं माप, दर अँगस्ट्रॉमला १.९२ (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग). पुढची सगळी हकीकत या ८.६ आकड्याभोवती फिरते, म्हणून तो ध्यानात ठेवावा.

लहरीनुसार ऊर्जा कशी चढते-उतरते याची ही वक्ररेषा लांडाऊ यांनी १९४७ साली जवळजवळ तर्कानेच काढली होती. न्यूट्रॉनच्या झोताने ती प्रत्यक्ष मोजता येईल असं कोहेन आणि फाइनमन यांनी १९५७ साली सुचवलं, आणि १९६१ पर्यंत कॅनडातल्या चॉक रिव्हर इथे ती अख्खी मोजून झाली. त्याच चॉक रिव्हरला ब्रॉकहाउस यांच्या हाताखाली आपले भौतिकशास्त्रज्ञ पी. के. अय्यंगार न्यूट्रॉन प्रकीर्णनाची, म्हणजे विखुरलेल्या न्यूट्रॉनवरून पदार्थाच्या आत बघण्याची, विद्या शिकून आले आणि मुंबईत तुर्भ्याच्या अणुकेंद्रात ती रुजली. मराठी वाचकाला ही शाखा वाटते तितकी परकी नाही, एवढ्यासाठीच हा उल्लेख.

आता काचेकडे वळू. व्हायकॉर ही सच्छिद्र काच बोरोसिलिकेट काचेपासून करतात. काच तापवून ठेवली की तिच्यात बोरॉनचा अंश जास्त असलेला भाग वेगळा होतो. आम्लाने तो धुऊन काढला की मागे सिलिकाचा स्पंज उरतो. छिद्रं सुमारे ७० अँगस्ट्रॉम रुंद, सगळी एकमेकांत गुंतलेली, आणि एकूण आकारमानाच्या तीस टक्क्यांच्या आसपास पोकळी. ही काच उघड्यावर ठेवली तर हवेतली ओल आणि सेंद्रिय द्रव्यं शोषून पिवळी पडते. मग हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तापवून ती पुन्हा स्वच्छ करावी लागते. प्रयोग सुरू व्हायच्या आधीच माणसाची परीक्षा पाहणारी वस्तू आहे ही.

अशा छिद्रांत भरलेला हेलियम सुपरफ्लुइड होतो, पण उशिरा, २ केल्व्हिनच्या आसपास. छिद्र जितकं लहान, तितकं हे तापमान खाली.

अडचण

व्हायकॉरमधल्या हेलियमकडे बघायच्या दोन वाटा होत्या. पहिली उष्णतेची आणि वाहण्याची: विशिष्ट उष्मा, म्हणजे तापमान वाढवायला किती उष्णता लागते ते, मोजायचा किंवा पीळ दिलेल्या तारेवर नमुना डोलवून किती हेलियम मागे राहतो, म्हणजे किती सुपरफ्लुइड आहे, हे काढायचं. दुसरी न्यूट्रॉनची: झोत सोडायचा आणि न्यूट्रॉन किती ऊर्जा गमावून बाहेर येतो ते बघायचं.

पहिल्या वाटेच्या मापांचा सूर असा होता की ८.६ केल्व्हिनच्या रोटॉनने हे आकडे बसत नाहीत. त्याहून कमी ऊर्जेचं काहीतरी आत उठतंय. न्यूट्रॉनवाले सांगत होते की आमच्या आलेखात रोटॉनचं टोक, म्हणजे त्याच्या संकेताचं शिखर, आहे; ते खुल्या, म्हणजे छिद्रांत न अडकलेल्या, हेलियमच्या टोकावर तंतोतंत बसतं, ऊर्जाही तीच आणि रुंदीही तीच.

दोन्ही बाजूंची माणसं निष्णात होती आणि दोघांच्या उपकरणांत उघड दोष नव्हता. असा पेच मला फार मोलाचा वाटतो. एक बाजू ढिसाळ असती तर शिकण्यासारखं काहीच नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळ्यात सोपा: न्यूट्रॉनचं माप थेट आहे, म्हणून तेच खरं मानायचं आणि उष्णतेची मापं भिंतीजवळच्या कसल्यातरी किरकोळ परिणामावर ढकलायची. पुष्कळांना हे पटलं असतं.

दुसरा पर्याय साहित्य बदलण्याचा. एरोजेल नावाचा सिलिकाचा फेस मिळतो, त्यात पंच्याण्णव टक्के आणि त्याहूनही जास्त पोकळी असू शकते. त्यात हेलियम भरपूर मावतो, म्हणून संकेत ठसठशीत येतो. पण त्यातला बहुतेक हेलियम भिंतीपासून दूर असतो. शंका भिंतीबद्दलची असताना भिंतच कमी असलेलं साहित्य घेणं म्हणजे प्रश्नच टाळणं. व्हायकॉरमध्ये उलट: भिंत पुष्कळ, संकेत कमी, आणि काचेकडून येणारा गोंगाट, म्हणजे काचेनेच विखुरलेले न्यूट्रॉन, मोठा.

तिसरा पर्याय व्हायकॉरलाच चिकटून राहण्याचा, पण रोटॉनच्या टोकाशी थांबायचं नाही. त्याच्या पायथ्याशी कमी ऊर्जेच्या बाजूला काही लपलंय का ते बघायचं. यात धोका असा की गोंगाट वजा करताना थोडी चूक झाली तरी तिथे खोटा उंचवटा तयार होतो.

हा तिसरा मार्ग घ्यावासा का वाटला असेल, ते एका साध्या गणिताने कळतं. तापमान १ केल्व्हिन असताना ८.६ केल्व्हिनची हालचाल आपोआप उठण्याचं प्रमाण ई (२.७१८) या संख्येच्या उणे ८.६ व्या घाताइतकं, म्हणजे दहा हजारांत दोनेक. समजा भिंतीजवळ ६.५ केल्व्हिनची एखादी हालचाल शक्य आहे; तिचं प्रमाण दहा हजारांत पंधरा, आठपट. ०.६ केल्व्हिनला हाच फरक ३३ पट होतो. म्हणजे छिद्रातला थोडासाच द्रव जरी कमी ऊर्जेची हालचाल करत असला, तरी खूप थंडीत उष्णतेच्या मापावर त्याचाच शिक्का बसणार. न्यूट्रॉनचं तसं नाही. न्यूट्रॉन स्वतः ऊर्जा देऊन हालचाल उठवतो, त्यामुळे जिथे द्रव जास्त तिथला संकेत मोठा. दोन्ही मापं बरोबर असूनही वेगळी येऊ शकतात, एवढं या गणिताने पटतं.

काय केलं

इथे चार निर्णय कळीचे होते.

पहिला निर्णय हेलियम किती भरायचा याचा. काचेचा तुकडा आणि धातूची कुपी यांच्यात फट राहतेच. छिद्रं भरून हेलियम त्या फटीत उतरला तर तिथे चक्क खुला हेलियम साचतो, आणि मग न्यूट्रॉनला 'खुल्या हेलियमसारखा रोटॉन' दिसणारच! त्यामुळे छिद्रं जेमतेम भरतील इतकाच वायू सोडायचा. लहान छिद्रांत द्रव आधी धरला जातो, म्हणून हे साधतं. 'छिद्रातला रोटॉन खुल्या हेलियमसारखा आहे' हे विधान कुठेही वाचलं की मी आधी भरणीचा आकडा शोधतो.

दुसरा निर्णय काय वजा करायचं याचा. छिद्राच्या भिंतीला चिकटलेले पहिले एक-दोन थर घट्ट धरलेले असतात; ते वाहत नाहीत, जवळपास गोठल्यासारखे. ३५ अँगस्ट्रॉम त्रिज्येच्या छिद्रात असे दोन थर साडेतीन-साडेतीन अँगस्ट्रॉमचे धरले तर वाहत्या द्रवाला २८ अँगस्ट्रॉमची त्रिज्या उरते, म्हणजे छेदाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग गेला. मग वजा करायची ती रिकामी काच की हे गोठलेले थर घेतलेली काच? रिकामी काच वजा केली तर थरांचा संकेत द्रवाच्या खात्यात जमा होतो. थरांसकट वजा केलं तर उरतो तो बव्हंशी द्रवाचाच. दुसरा मार्ग वेळखाऊ, कारण एक पूर्ण मापन फक्त पार्श्वभूमीसाठी खर्ची पडतं. झोताचे दिवस मोजून मिळतात, हे जाणणाऱ्याला या निर्णयाचं वजन कळेल.

तिसरा निर्णय हायड्रोजनबद्दलचा. काचेच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात आणि हायड्रोजन न्यूट्रॉनना सगळ्या दिशांना विखुरतो. हेलियम-४ चा, म्हणजे आपल्या नेहमीच्या हेलियमचा, संकेत मुळात मंद. तेव्हा काच निर्वातात तापवून ओल काढायची, आणि जमेल तिथे हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) बसवायचं.

चौथा निर्णय कुठे बघायचं हा. हे जरा जवळून पाहू. ५ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचा न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे ७९० मीटर वेगाने जातो. हेलियममध्ये एक रोटॉन उठवला की त्याचा वेग ६९६ वर येतो. नमुन्यापासून शोधकापर्यंत ४ मीटरची वाट धरली तर पहिला ५.०६ मिलिसेकंदांत पोचतो, दुसरा ५.७५ मध्ये. ०.६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टची हालचाल उठवणारा न्यूट्रॉन ५.६० मध्ये. म्हणजे नेहमीचा रोटॉन आणि संशयित हालचाल यांच्यात जेमतेम ०.१५ मिलिसेकंदाचं अंतर, आणि त्यातला एक संकेत दुसऱ्यापेक्षा कितीतरी मोठा. रोटॉनच्या खोलगटाजवळच हे दोन संकेत सुटे दिसण्याची आशा; इतर तरंगसंख्यांना ते एकमेकांत मिसळतात. म्हणून शोध तिथेच केंद्रित केला गेला.

१९९८ साली एका गटाने व्हायकॉरमध्ये तो दुसरा संकेत दाखवला. भरलेल्या छिद्रांत, नेहमीच्या रोटॉनच्या खालच्या बाजूला, आणखी एक हालचाल. तिचं वागणं सपाट थरात अडकलेल्या द्रवासारखं, दोनच दिशांना मोकळीक असलेलं. गोठलेल्या थरांना लागून असलेल्या द्रवथरात ती राहते. ग्राफाइटवर साचवलेल्या हेलियमच्या पापुद्र्यात अशी हालचाल आधीच दिसली होती, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही. उष्णतेची मापं जी कमी ऊर्जा मागत होती, ती हीच. भांडण मिटलं, आणि कुणालाही आपलं माप मागे घ्यावं लागलं नाही.

दुसरा पेच

त्याच काळात दुसरी गाठ पडली, आणि मला ही पहिलीपेक्षा खोल वाटते. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या न्यूट्रॉन केंद्रावर व्हायकॉरमधला रोटॉन तापमान वाढवत नेत पाहिला गेला. हेलियम २ केल्व्हिनच्या आसपास विनाघर्षण वाहणं थांबवतो, सुपरफ्लुइड राहत नाही. रोटॉन मात्र तिथे थांबला नाही. सुपरफ्लुइडिटी संपल्यावरही तो स्पष्ट दिसत राहिला. खुल्या हेलियममध्ये रोटॉनचा ठसठशीत संकेत आणि सुपरफ्लुइडिटी दोन्ही लॅम्डा बिंदूलाच मावळतात. काचेत मात्र त्यांची फारकत झाली होती.

इथे शक्यता चार. तापमापी चुकतोय. फटीत खुला हेलियम साचलाय. रोटॉनचा सुपरफ्लुइडिटीशी संबंधच नाही. किंवा आतला हेलियम सगळीकडे एकाच वेळी सामान्य होत नाही. पहिल्या दोन शक्यता भरणीची काळजी आणि फेरमापन यांनी बाजूला सारता येतात. तिसरी मोठी आहे, पण ती धरली तर खुल्या हेलियममध्ये दोघं एकदम का मावळतात याचं उत्तर द्यावं लागतं.

२००० साली त्या गटाने चौथी धरली. त्यांचं म्हणणं असं: सुपरफ्लुइडिटीच्या मुळाशी बोस-आइन्स्टाइन संघनन असतं, म्हणजे पुष्कळ अणू एकाच पुंज (क्वांटम) अवस्थेत जाणं. व्हायकॉरच्या रुंद जागांत हे संघनन लॅम्डा बिंदूजवळच सुरू होतं, पण एका जागेचा दुसरीशी मेळ बसत नाही; संघननाची सुटी बेटं तेवढी असतात. मधल्या चिंचोळ्या वाटा तो तोडतात. गावोगावच्या तळ्यांत पाणी आहे पण पाट जोडलेला नाही, तशी ही स्थिती. तळ्यात डोकावणाऱ्याला पाणी दिसतं. पाटावर उभं राहणाऱ्याला काहीच वाहताना दिसत नाही. न्यूट्रॉन तळं बघतो, कारण रोटॉनची लांबी काही अँगस्ट्रॉमची. डोलणारी तार पाट बघते.

हा तर्क होता, सिद्धता नव्हे. पुढचा निर्णय म्हणूनच महत्त्वाचा: तर्क मोडू शकेल असा प्रयोग निवडणं. छिद्रं लहान केली तर मेळ आणखी अवघड, म्हणजे सुपरफ्लुइडिटीचं तापमान झपाट्याने खाली जायला हवं. पण तळ्यातलं पाणी, म्हणजे रोटॉन, फारसं हलायला नको. गेलसिल नावाच्या काचेत ४४ आणि २५ अँगस्ट्रॉमची छिद्रं घेऊन हे पाहिलं गेलं. ४४ मध्ये सुपरफ्लुइडिटी १.९ केल्व्हिनच्या आसपास संपते आणि २५ मध्ये त्याच्याही बरीच खाली. रोटॉन दोन्हींत त्या तापमानांच्या वर टिकून राहिला.

निकाल

निर्णायक मदत पुन्हा उष्णतेच्या बाजूनेच आली. जपानमधल्या केओ विद्यापीठातल्या गटाने २००४ साली २५ अँगस्ट्रॉमच्या छिद्रांत दाब वाढवत नेला. सुपरफ्लुइडिटीचं तापमान आधीच १.४ केल्व्हिनच्या आसपास होतं. ते घसरत घसरत ३.४ मेगापास्कलला (वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ३४ पट) शून्यापाशी पोचलं, म्हणजे तिथे सुपरफ्लुइडिटी अजिबात उरत नाही. २००८ साली त्याच गटाने विशिष्ट उष्मा मोजला, आणि सुपरफ्लुइडिटी सुरू होण्याच्या कितीतरी वरच्या तापमानाला त्यात उंचवटा सापडला. वाहणं सुरू व्हायच्या आधीच आत काहीतरी क्रम लागतोय, याचा न्यूट्रॉनवर अजिबात न विसंबणारा पुरावा. ज्या मापांनी १९९० च्या दशकात न्यूट्रॉनवाल्यांना अडचणीत आणलं होतं, त्याच जातीच्या मापाने आता त्यांची पाठराखण केली. हे वाचताना मला खरोखर आनंद झाला होता.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते दोन्ही मापं एकाच वेळी बनवलेल्या काचेच्या तुकड्यांवर, शक्य तर एकाच तुकड्यावर करणं हा पहिला नियम असायला हवा. व्हायकॉरची दोन पिंडं सारखी नसतात; छिद्रांच्या रुंदीत थोडा फरक पडला तरी सुपरफ्लुइडिटीचं तापमान हलतं, आणि दुसऱ्या पेचातला सगळा वाद केल्व्हिनच्या दशांशांचा होता. दुसऱ्याच्या काचेवरचा आकडा उसना घेऊन आपल्या रोटॉनशेजारी मांडला की टीकाकाराला जागा मिळते.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. रोटॉन दिसला म्हणजे संघनन आहे, ही पायरी थेट नाही. रोटॉनच्या टोकाची खूण संघननाशी जोडणारा सिद्धांत आहे आणि तो सबळ आहे, पण तो सगळ्यांना मान्य होता असं नाही. संघननाचं प्रमाण थेट मोजायचं तर बरेच वेगवान न्यूट्रॉन लागतात, एकेका अणूला जोरदार टोला देणारे. खुल्या हेलियममध्ये अशा मापांतून साधारण सात टक्के अणू संघनित असल्याचं निघालं आहे. छिद्रांतल्या हेलियमवर हे माप कठीण, कारण काचेचाही प्रत्येक अणू टोला परतवतो. तरीही 'संघननाची बेटं' हा शब्द वापरण्याआधी ते थेट माप हाती असतं, तर पुढची काही वर्षं शब्दाच्या वादात गेली नसती असं मला वाटतं. उलट बाजूने हेही खरं की तो शब्द वापरला म्हणूनच कुणाला तरी २५ अँगस्ट्रॉमच्या काचेत उंचवटा शोधायची बुद्धी झाली असेल. इथे माझं मत पक्कं होत नाही.

तिसरी बाब पहिल्या पेचातली. भिंतीजवळची हालचाल ग्राफाइटवर आधीच ठाऊक होती. व्हायकॉरच्या जुन्या न्यूट्रॉन आलेखांत रोटॉनच्या पायथ्याशी ती अंधुक बसलेली असणं अगदी शक्य आहे. एकाच टोकाची रेषा बसवली की असा पायथा रुंदीत विरघळून जातो. आलेखावर रेषा बसवताना एक टोक पुरेसं आहे असं आधीच ठरवण्याऐवजी दोन टोकं बसवून बघणं हे एका दुपारचं काम आहे. मी शिकवतो तेव्हा विद्यार्थ्यांना हेच दोन्ही आलेख काढायला लावतो, आणि उरलेली तफावत वेगळ्या कागदावर मोठी करून भिंतीला लावायला सांगतो.